बारावी चाल

आमच्याकडं अकरा चाली.
पास्कोल मास्तरांनी शाईनं उतरून ठेवलेल्या.
वही इतक्यांदा चिकटवली की आता
कागदापेक्षा डिंकच जास्त.
चार कोंकणी, तीन मराठी, दोन कानडी,
एक लॅटिन, तिचा अर्थ कुणी विचारत नाही,
आणि एक तमिळ,
कॅम्पात राहून गेलेल्या कुठल्याशा पलटणीची.

नोव्हेंबरात फादर म्हणाले,
"इनास, यंदा नाताळला नवीन काहीतरी बघा की ओ.
कुठं खोकायचं ते लोकांना पाठ झालंय."

मी उद्यमबागेत लेथवर. सहाला सुटतो.
हाताचा तेलाचा वास
पेटीच्या पट्ट्यांनाही लागलाय.

मडगावच्या भाच्यानं पेनड्राइव्ह दिला,
दोनशे चाळीस गाणी.
आठवडाभर रात्री ऐकली.
सगळ्यांत बर्फ.
एवढा बर्फ, की सातव्या गाण्याला
मी उठून खिडकी लावली.

आमचा डिसेंबर म्हणजे
येळ्ळूरच्या वाटेवर धुक्यात विझलेली गाडीची बत्ती,
हरभऱ्यावर रात्री पसरलेलं फडकं
आणि पहाटे पिळून काढलेली आंब;
उसाचे ट्रॅक्टर, एकामागं एक,
प्रत्येकाचा कर्णा वेगळ्या भाषेतला,
चौकात करकचून दाबलेला ब्रेक मात्र
सगळ्यांचा सारखाच.
घसरगाडीच्या घुंगरांची चाल
इथं कुठं उभी करू?

मग फिरलो.
खडेबाजारात कॅसेटचं दुकान होतं,
तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात.
सुज्ञानीबाईंनी बशीत कुलकुलं ठेवली
आणि अठ्ठावीस कडव्यांचं कानडी गाणं म्हटलं;
एकोणिसावं कडवं आलं तरी
हेरोद काही मरेना.
खानापुरात दिओगकाकांनी शिट्टीवर
एक फार सुरेख चाल धरली,
अर्ध्यावर कवळी सुटली,
पुढची चाल त्यांनाच आठवेना.

दस्तगीर भेटला शहापुरात,
दोन वरातींच्या मधे, क्लॅरिनेट काखेत, चहा बशीत.
त्यानं आमचं गाणं दोनदा ऐकलेलं,
गेटाबाहेरून.
म्हणाला, "तुम्ही लई पळवता ओ.
वरातीला मुहूर्त असतोय, आम्ही पळवतो.
बाळाला कसली घाई?"

आणि वाजवलं.
वरात पोचली, नवरा आत गेला,
बत्त्या डोक्यावरून उतरल्या,
की घोडीची झूल काढताना तो वाजवतो ते.
त्याला कुणी पैसे देत नाही.
फटाक्यांनी बिथरलेली घोडी
खाली मान घालावी, एवढंच काम त्याचं.
पाच स्वर. पाचवा जरा उतरलेला,
दारातनं वाकून आत यावं तसा.

शब्द कुठल्या भाषेत, यावर दोन रविवार गेले.
पाटीवरच्या अक्षरांची उंची
पट्टी लावून मोजणारं आमचं गाव,
तिथं हे व्हायचंच.
रोझलिन रुसली. अ‍ॅंथनी म्हणाला, आधी कानडी.
बर्नाबेचा आवाज नुकताच फुटतोय,
तो म्हणाला, मला कुठलेच शब्द झेपत नाहीत,
मी नुसता हुंकार देऊ का?

दिला. मग सगळ्यांनीच ओठ मिटले.

चोवीसच्या रात्री कुणी खोकलं नाही.
कुठं खोकायचं तेच कळलं नाही.
स्वेटरात हात घालून दस्तगीर मागच्या बाकावर;
पाचव्या स्वराला त्यानं बोट खाली दाबलं,
आणखी खाली,
मला पेटीवर तो काही सापडला नाही.
पेटीत तो नाहीच.

पायऱ्यांवर सांतानमावशीनं हात धरला.
"बरं होतं रे. झोप लागली मला.
पण पुढच्या वर्षी तमिळ गाळू नकोस,
ते माझं लग्नाच्या आधीचं आहे."

घरी येऊन वही काढली.
बारावी, म्हणून आकडा घातला,
पुढं नाव काय लिहायचं ते सुचेना.
फोन केला. दस्तगीर झोपेत होता.
"चालीला कसलं नाव ओ? घोडीचं आहे."

तेच लिहिलं: शेवंता.
फादर विचारतील, कुठली संत ही?
डिंक ओला आहे अजून,
वही उघडीच ठेवलीय.